हजार ब्रश आणि मेहरूणचं पाणी

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी टॅब्लेट घेऊन बसलं की कुणीतरी मागे येऊन उभं राहतंच, आणि प्रश्नही ठरलेला : "सर, कोणता ब्रश पॅक वापरता?" चित्राबद्दल अवाक्षर नाही. हजार ब्रशचा पॅक मिळाला की चित्र आपोआप जमतं, हा समज कॉलेजच्या पोरांपासून लग्नपत्रिका करणाऱ्यांपर्यंत पक्का बसला आहे.

डिजिटल ब्रश म्हणजे मुळात एक शिक्का. तो रेघेवर ठरावीक अंतराने उमटत जातो. अंतर कमी असलं की सलग फटकारा दिसतो, वाढवलं की ठिपक्यांची माळ. पेनच्या दाबाने जाडी बदलायची की रंगाचा दाटपणा, ते आपण ठरवायचं. पॅकमधले बरेचसे ब्रश म्हणजे हीच बटणं जराशी फिरवून ठेवलेली नवी नावं. क्रिता या फुकट मिळणाऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभराहून जास्त ब्रश आधीच असतात. फोटोशॉपचा पॅक क्रितात घातलात तर फक्त शिक्क्याचा आकार येतो, दाबाची मांडणी येत नाही. मग "पैसे देऊनही ब्रश चालत नाही" ही तक्रार माझ्याकडे!

खरं तर चारच ब्रश पुरतात : एक कडक काठाचा, एक मऊ, एक खरबरीत, एक रंग ओढून मिसळणारा. या चौघांना एक टॅग लावा, क्रितात तो टॅग निवडून उजवी क्लिक केली की ते गोल तबकडीत हाताशी येतात. रंगांचंही तसंच. जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दुरून आणलेल्या लाजवर्दाची निळी पूड, मुख्यतः एवढ्यावर लेणी रंगवली. तुमच्या रंगचक्रात १,६७,७७,२१६ रंग आहेत, आणि तरी तुम्हाला कमी पडतात.

दुसरा गैरसमज : फोटोतून आयड्रॉपरने उचललेला रंग "खरा" असतो. संध्याकाळी तलावाचं पाणी निळं दिसतं, पण उचलून पाहा, पुष्कळदा निव्वळ करडा निघतो. शेजारी केशरी आकाश असलं की करडाही निळसर भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्येच यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. शिवाय कॅमेरा उजेडाचा अंदाज स्वतःच्या मनाने बांधतो, ते वेगळंच.

आणखी एक सवय : सावलीसाठी सरसकट काळा मिसळतात. उघड्यावरच्या सावलीत आभाळाचा उजेड पडतो, तेव्हा ती निळसर करून पाहा. छपाईचंही लक्षात ठेवा : स्क्रीनवरचा भडक हिरवा फ्लेक्सवर मरतो, कारण स्क्रीन उजेड मिसळते आणि छपाई शाई. छापणाऱ्याशी भांडू नका.

हिवाळ्यात मेहरूणची बोरं येतील. एक पिकलेलं, एक अर्धकच्चं समोर ठेवा आणि चारच ब्रशने, आयड्रॉपर न वापरता रंगवा. नाही जमलं तर मग पॅकचं बोलू.