व्हेर्शेरचे जारे घराणे

1665 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सेंट लॉरेन्स नदीकाठच्या आपल्या वसाहतीत कारिन्यां-सालिएर पलटणीचे हजारावर शिपाई धाडले, ते इरोक्वा संघातील मोहॉकांचा बंदोबस्त करण्यासाठी. पहिली मोहीम ऐन हिवाळ्यात निघाली आणि बर्फावरून चालण्याची साधने व सवय या दोहोंच्या अभावी फजीत पावली; 1666 च्या शरदात मात्र मोहॉकांची गावे व साठवलेला मका जाळून फौज परतली आणि पुढल्या वर्षी तह झाला. हा तह धान्याची कोठारे पेटवून पदरात पाडून घेतलेला होता, ही गोष्ट तिकडच्या घराण्यांच्या गौरवगाथांत अंमळ दबक्या आवाजातच येते.

1666 मध्येच जां तालों या कारभाऱ्याने केलेल्या खानेसुमारीत 3,215 रहिवाशांची नोंद आहे. परंतु सरकारी फौज तीतून वगळल्यामुळे हे शिपाई तिथे सापडत नाहीत. दफ्तरात ते ठसठशीतपणे अवतरतात ते 1668 मध्ये पलटण मायदेशी परतल्यावर मागे राहिलेल्या सुमारे चारशे जणांच्या रूपाने, आणि बहुधा नवरदेव म्हणून. कारण राजाने स्वखर्चाने धाडलेल्या उपवर मुलींची जहाजे 1663 पासून दहा वर्षे क्वेबेकला लागत होती. विवाहाच्या नोंदीत मूळ आडनावाला पलटणीतले टोपणनाव जोडलेले असे, कुणी बेफिकीर, कुणी डोंगरकाप्या. आणि पुढल्या पिढ्यांनी कधी हे, कधी ते चालवल्यामुळे एकाच आजोबांची नातवंडे दोन आडनावांखाली विखुरली. हा गुंता सोडवीत सिप्रियां तांगे नामक धर्मगुरूने 1871 ते 1890 या काळात वंशावळीचे सात खंड सिद्ध केले. साध्या शिपायाच्या वंशाचा माग इतका अखंड लागावा, असे भाग्य फार थोड्या देशांच्या वाट्याला आले आहे.

अधिकाऱ्यांना जहागिरी मिळाल्या. दोफिने प्रांतातून आलेला फ्रांस्वा जारे हा कोंत्रकरच्या तुकडीतला निशाणदार. 1672 मध्ये त्याला नदीच्या दक्षिण तीरावर व्हेर्शेरची सनद मिळाली. अशा सनदांच्या अटी रोखठोक असत: जंगल तोडून कुळे वसवावीत, जहागीरदाराने स्वतः तिथे राहावे, आणि राजाच्या आरमारासाठी ओकची झाडे मात्र राखावीत. नदीला तोंड करून पाठीमागे लांबच लांब गेलेल्या अरुंद पट्ट्यांची शेते त्याच व्यवस्थेतून निर्माण झाली.

सनदेच्या तीन वर्षे आधी त्याने ऑर्लेआं बेटावर मारी पेरो हिच्याशी लग्न केले, तेव्हा वधूचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते. दहा हयात अपत्ये असणाऱ्यास सालीना तीनशे लिव्र आणि बारा असणाऱ्यास चारशे देण्याचे फर्मान ज्या राज्यात निघाले होते, त्या राज्यात मारीने बारा अपत्यांना जन्म दिला. आणि 1690 मध्ये पती गैरहजर असताना इरोक्वांचा हल्ला आला, तेव्हा गढीही तिनेच लढवली असे सांगतात. माझ्या मते या घराण्याचा खरा खांब हीच.

पण कीर्ती मिळाली ती तिच्या मुलीला. 22 ऑक्टोबर 1692 रोजी आईबाप दोघेही बाहेरगावी असताना चौदा वर्षांच्या मादलेनने मोजक्या माणसांनिशी गढी राखली. 1699 मध्ये तिने फ्रान्समधील एका मंत्रिपत्नीस लिहिलेल्या पत्रात हकिकत आटोपशीर आहे: पाठलाग करणाऱ्या शत्रूने गळ्यातला रुमाल पकडला, तो त्याच्या हाती सोडून ही आत शिरली आणि दार लावून घेतले. ते पत्र मुळात तनख्याची अर्जी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या कथनात पाठलाग करणारे पंचेचाळीस झाले, पहारा आठ दिवसांचा झाला आणि संवादांना नाटकी डौल आला. बखरकारांशी ज्याचा परिचय आहे, त्या वाचकाला यात नवल वाटू नये. 1913 मध्ये व्हेर्शेर गावात तिचा भव्य पुतळा उभा राहिला, तो बंदूक हाती घेतलेल्या मुलीचा.

1700 मध्ये फ्रांस्वा वारला, तेव्हा त्याची दीडशे लिव्रची मोईन आईच्या पोषणाच्या अटीवर मादलेनच्या नावे करण्यात आली. 1706 मध्ये ती तारिए द ला पेराद या जहागीरदाराची पत्नी झाली. तिचे उत्तरायुष्य पुतळ्याच्या चौथऱ्यावर न मावणारे आहे: कुळांशी तंटे, शेजाऱ्यांशी हद्दीचे वाद, आणि आपल्याविषयी अश्लाघ्य पद्ये रचल्याचा आरोप ठेवून बातिस्कांच्या पाद्र्याशी मांडलेला खटला. हा खटला वरच्या न्यायासनात उलटला, तेव्हा पन्नाशी उलटलेली ही बाई दाद मागण्यासाठी समुद्र ओलांडून थेट फ्रान्सला गेली.