पियानो सुटला, न्यायासन मिळालं!

दोस्तांनो, आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लोक चक्क मतं देऊन त्यांना निवडतात! तिथल्याच एका न्यायाधीशाची ही गोष्ट.

फ्लॉरेन्स ॲलनचा जन्म १८८४चा. तिला व्हायचं होतं पियानोवादक. त्यासाठी ती बर्लिनला गेली. पण नसेला दुखापत झाली आणि पियानो सुटला. ती रडत बसली नाही. वर्तमानपत्रात संगीतावर लिहू लागली, मग कायदा शिकून वकील झाली. गंमत बघा, वकील असूनही तिला मत देता येईना. कारण ती बाई! म्हणून स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती ओहायोभर भाषणं देत फिरली.

ऑगस्ट १९२०मध्ये तो हक्क मिळाला आणि नोव्हेंबरात फ्लॉरेन्सबाई क्लीव्हलंडमध्ये न्यायाधीश म्हणून निवडून आल्या! तुम्ही घटस्फोटाचे खटले सांभाळा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. बाईंनी साफ नकार दिला. त्यांनी खुनाचे खटलेही चालवले. १९२२मध्ये लोकांनी त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पाठवलं. असा मान मिळवणारी अमेरिकेतली ही पहिलीच स्त्री! १९२८मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या.

तेव्हा वर्गात 'मुलींनी फक्त रांगोळीचं बघा' असं कुणी म्हटलं, तर फ्लॉरेन्सबाईंना जरूर आठवा!