एरर आली, तर पुढे काय?

व्हर्च्युअल मशीनची डिस्क २० जीबीवरून ४० जीबी केलीत. आत शिरून पाहिलंत, तर जागा अजून २० जीबीच! लिनक्सवर प्रोजेक्ट करणाऱ्या अनेकांना हे कोडं कधी ना कधी पडतंच. कारण साधं आहे. डिस्क वाढली, पण तिच्यावरच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमला ते कुणी सांगितलेलंच नसतं. मग तुम्ही पार्टिशन वाढवता, ‘रिसाइज-टू-एफएस’ ही कमांड देता आणि काही क्षणांत जागा दुप्पट. मशीन बंदही करावं लागत नाही.

पण या काही क्षणांत आत काय काय होतं, आणि त्यातली एखादी पायरी मध्येच फसली तर काय, हे कधी बघितलंय?

उबंटूमध्ये सहसा असते ती ‘ईएक्सटी-फोर’ फाइल सिस्टिम. ती डिस्कचे ‘ब्लॉक ग्रुप’ पाडते. ब्लॉक नेहमीचा ४ केबीचा धरला, तर एक ग्रुप १२८ एमबीचा. म्हणजे २० जीबी वाढवायचे, तर असे १६० नवे ग्रुप तयार करायचे. त्यासाठी मेमरी मागायची, प्रत्येक ग्रुपमधला कोणता ब्लॉक रिकामा आणि कोणता भरलेला याचा नकाशा तयार करायचा, बदलांची नोंद जर्नलमध्ये करायची आणि सगळं जागेवर बसल्यावरच सुपरब्लॉकमधला एकूण आकडा वाढवायचा. हॉस्टेलच्या खोल्या आधी बांधायच्या, प्रवेश मग द्यायचे, तसंच.

यातली कोणतीही पायरी फसू शकते. कर्नलमधली बहुतेक फंक्शन्स काम झालं की ० परत देतात आणि बिघडलं की ऋण आकडा. उणे १२ म्हणजे मेमरी मिळाली नाही. उणे ५ म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता आलं नाही. उणे २८ म्हणजे जागा संपली.

समजा, तिसऱ्या पायरीला उणे ५ आला. आता तीन कामं करायची असतात. आधी घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करायचं, सुरू केलेला जर्नलचा व्यवहार बंद करायचा आणि आलेला आकडा जसाच्या तसा वर कळवायचा. वर्गात ‘गोटू अजिबात वापरू नका’ असं ऐकलं असेल ना? कर्नलच्या कोडिंग नियमांत मात्र नेमक्या याच आवराआवरीसाठी गोटू वापरायला सांगितलंय.

ऐकायला सोपं, पण चुका इथेच होतात. कुणी घेतलेली मेमरी परत द्यायला विसरतं. कुणी एकच गोष्ट दोनदा परत देतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काम फसलेलं असतानाही ० परत जातो, वरचा कोड खूश आणि तुमच्या फाइली रामभरोसे!

२०१८मध्ये ईएक्सटी-फोरच्या याच रिसाइज कोडमध्ये अशी एक दुरुस्ती झाली. एरर आली की एका वाटेवर तोच बफर दोनदा सोडला जाण्याची शक्यता होती. बफर किती जण वापरतायत, याचा एक आकडा असतो. एकानेच दोनदा ‘माझं झालं’ म्हटलं, तर दुसऱ्याचं काम चालू असतानाच तो आकडा शून्यावर येऊ शकतो. अशा चुका लपून राहतात, कारण सगळं सुरळीत चालण्याची वाट रोज वापरात असते, एररची वाट क्वचित.

ही एखाद-दुसऱ्याची गोष्टही नाही. २००८मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स २.६मधल्या सगळ्या फाइल सिस्टिम्स आणि तीन मोठे स्टोरेज ड्रायव्हर तपासले. तब्बल ११५३ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के कॉल्समध्ये, आलेला एरर कोड काहीही न करता सोडून दिलेला होता. वाचतानाच्या एररपेक्षा लिहितानाच्या एररकडे जास्त दुर्लक्ष होतं. वाचता आलं नाही तर तुम्हाला लगेच कळतं; लिहिलं गेलंच नाही, हे कळतं ती फाइल पुन्हा उघडाल तेव्हा.

आता तुमच्या कोडकडे वळू. लिनक्सच्या ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘फुल’ नावाची एक खास फाइल असते. तिच्यात काहीही लिहायला जा, ‘जागा संपली’ हेच उत्तर मिळतं. सी भाषेतला साधा ‘हॅलो वर्ल्ड’ चालवा आणि त्याचं आउटपुट या फाइलकडे वळवा. मग प्रोग्रॅमने परत दिलेला आकडा बघा. ० येईल. एक अक्षरही लिहिलं गेलं नाही, तरी प्रोग्रॅम म्हणतो, सगळं ठीक!

रिसाइजचा सराव खऱ्या डिस्कवर नको. १०० एमबीची एक रिकामी फाइल बनवा, तिच्यावर फाइल सिस्टिम तयार करा, फाइल ३०० एमबीची करा आणि मग रिसाइज करून बघा. बिघडलं तर डिलीट करून मोकळे. खऱ्या डिस्कवर करायचंच असेल, तर आधी बॅकअप घ्या. आणि ईएक्सटी-फोर लहान करायची असेल, तर ती आधी अनमाउंट करावी लागते, हे विसरू नका.

ओपन सोर्समध्ये पहिलं पाऊल कुठून टाकावं, असं विचारत असाल, तर या एररच्या वाटा वाचायला घ्या. दुरुस्ती बहुतेकदा दोन-चार ओळींचीच असते, पण त्यासाठी पूर्ण फंक्शन समजून घ्यावं लागतं.

सबमिशनला आउटपुट बरोबर आलं की आपण सुटतो. पण उद्या तुमचा कोड दुसऱ्याच्या फाइली सांभाळणार आहे. तेव्हा पुढचं फंक्शन लिहून झालं की प्रत्येक कॉलपाशी थांबा आणि विचारा, हा फसला तर काय?