उपाशीपोटी नव्हे, जेवणाआधी

औषधशास्त्र शिकवताना माझा सर्वांत लाडका तास जठरातल्या आम्लाचा. तो ठरलेल्या वेळेत मला कधीच संपवता आला नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही मंडळी आता घराघरांत पोचली आहेत. दिवाळीच्या सामानाच्या यादीत चकलीच्या भाजणीच्या खालोखाल ‘ॲसिडिटीची गोळी’ लिहिलेली मी पाहिली आहे. ही गोळी शरीरात नेमकं काय करते हे एकदा कळलं, की ती कधी घ्यायची आणि कुठे थांबायचं याचं बरंचसं उत्तर हाती येतं. मला ते पुस्तकात कळलं होतं, पण लख्ख दिसलं ते हरसूलच्या बाजूला.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. मी त्या पट्ट्यात जाऊ लागलो तो बोहाडा या लोकउत्सवातल्या मुखवट्यांच्या ओढीने. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही तिथली पिकं. पावसाळ्यात आवणी, आणि भाताची कापणी-झोडणी उरकली की अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम, त्यामुळे संध्याकाळी खांदे आणि मान भरून येतात. मग अंगदुखीची गोळी येते आणि तिच्या पाठोपाठ पोटाची.

अशाच एका ताईंनी बटव्यातून गोळ्यांचा तुकडा काढून दाखवला. पाकीट कात्रीने कापलेलं, चार घरं, त्यातली दोन रिकामी. मागच्या चंदेरी कागदावर नावाचं शेपूट आणि ४० हा आकडा एवढंच उरलेलं. कशी घेता, असं विचारलं तर म्हणाल्या, “पहाटे उठल्या उठल्या घेते, दादा. उपाशीपोटी घ्या सांगितलंय ना. मग कामावर जायचं. भाकर खायाला अकरा वाजतात. दुपारी परत जळजळलं तर आणखी एक घेते.”

सांगितलेलं त्या तंतोतंत पाळत होत्या. तरीही गोळीचा बराचसा भाग वाया जात होता. का, ते सांगण्यासाठी मला माझ्या आवडत्या कोपऱ्यात शिरायलाच हवं.

जठराच्या आतल्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या खास पेशी असतात. त्यांच्यात प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. हा पंप पोटॅशियमचा कण आत घेतो आणि हायड्रोजनचा कण बाहेर ढकलतो. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास, तर या पेशींतून निघणाऱ्या ताज्या आम्लाचा १ च्या जवळ. म्हणजे रक्ताच्या तुलनेत दहा लाखांहून अधिक पट हायड्रोजन कण एका बाजूला गोळा करायचे! शरीरात याच्या तोडीचं ओझं वाहणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

पोट रिकामं असताना यातले बहुतेक पंप पेशीच्या आत निजलेले असतात. घास पोटात गेला, किंबहुना जेवणाचा नुसता वास आला, की ते जागे होऊन पृष्ठभागावर येतात आणि आम्ल सोडू लागतात.

आता गोळीकडे या. तिच्यावरचं वेष्टन जठरात विरघळत नाही, कारण औषध जठरातल्या आम्लात उघडं पडलं तर तिथेच नासतं. (म्हणून ही गोळी चावायची नाही, कुटायची नाही.) ते लहान आतड्यात सुटतं, रक्तात शिरतं आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या त्याच पेशींपाशी पोचतं, पण या वेळी मागच्या दाराने. पंप चालू असलेल्या जागी ताजं आम्ल असतं. त्या आम्लानेच औषधाचं रूप बदलतं आणि मग ते पंपाला कायमचं चिकटतं. ज्या आम्लाला थोपवायचं, त्याच्याच मदतीने औषध जागं होतं! ही रचना शिकवताना दर वर्षी मी हरखून जातो.

चिकटलेला पंप कामातून जातो. पेशीला नवा घडवावा लागतो. त्यामुळे औषध रक्तात जेमतेम तास-दोन तास टिकलं तरी परिणाम दिवसभर राहतो. मात्र निजलेल्या पंपाला ते धरू शकत नाही. ताईंची गोळी पहाटे पाचला, भाकरी अकराला. पंप जागे झाले तेव्हा औषध रक्तातून जवळपास निघून गेलेलं. दुपारची दुसरी गोळी जळजळ सुरू झाल्यावर, तीही अवेळीच. या गोळीने लगेच आराम पडत नाही, पुरता परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. तात्पुरत्या जळजळीला साधं अँटासिड बरं.

तेव्हा गोळी दिवसाच्या पहिल्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. शहरात नाश्ता आठला होतो म्हणून ‘सकाळी उपाशीपोटी’ हे चालून जातं. ज्याची पहिली भाकरी अकराला, त्याने दहा-सव्वादहाला घ्यावी. औषध देणाऱ्याने “तुम्ही पहिलं कधी जेवता?” एवढं विचारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ताईंना मी दुसरा प्रश्न विचारला तो अंगदुखीच्या गोळीचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. रोज घेतली तर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांना ती घ्यावीच लागतात, त्या धोक्यातल्या रुग्णांना ही आम्लरोधक गोळी खरोखर वाचवते. पण मूळ वेदनाशामक गरज नसताना चालूच ठेवायचं आणि वरून पांघरूण घालायचं, हे बरोबर नाही. शौच डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलत बसू नये, रुग्णालय गाठावं. ताईंना यातलं काही नव्हतं, तरी मी त्यांना हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायला आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं.

आम्ल थोपवणाऱ्या औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये सिमेटिडिन आलं, १९८१ मध्ये रॅनिटिडिन. १९८८ मध्ये स्वीडनमधून ओमेप्राझोल आलं आणि त्याच वर्षी सिमेटिडिनचे जनक जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. व्रणामागे बहुधा जंतू असतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये. रॅनिटिडिनमध्ये २०१९ साली एनडीएमए ही घातक अशुद्धी सापडली आणि २०२२ मध्ये ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं.

पॅन्टोप्राझोलच्या गटातल्या या गोळ्यांच्या दुष्परिणामांबद्दल दोन्ही टोकांचं बोललं जातं. डोकेदुखी, जुलाब, मळमळ हे नेहमीचे आणि बहुधा सौम्य. अनेक महिने-वर्षं घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, बी-१२ आणि लोहाचं शोषण कमी होऊ शकतं. हाड मोडण्याशीही संबंध नोंदलेला आहे. मूत्रपिंडाला सूज येणं विरळ, पण गंभीर. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावं. पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन मिसळलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. डोम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, हे वयस्कर माणसांच्या घरी माहीत असायला हवं.

दुसरीकडे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना खोटी गोळी सुमारे तीन वर्षं दिली गेली. स्पष्ट फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. म्हणून बातमी वाचून घाबरून गोळी फेकू नये. व्रणातून रक्तस्राव झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

थांबवताना आणखी एक अडचण येते. डेन्मार्कमध्ये २००९ साली १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन मग बंद केलं. त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. गोळी न घेतलेल्यांत १५ टक्के. दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस उसळतं आणि माणसाला वाटतं, आजार परतला! मग गोळी पुन्हा सुरू, आणि वर्ष निघून जातं. बहुतेकांचा उपचार चार ते आठ आठवड्यांचा असतो. त्यामुळे चिठ्ठीवर सुरुवातीइतकीच शेवटची तारीख लिहिलेली हवी, आणि लांबलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

आणि छातीतला प्रत्येक त्रास आम्लाचा नसतो. छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, याला ‘गॅस झालाय’ म्हणून गोळी देऊन घरी झोपवू नका. ही चूक जिवावर बेतते.

कापलेल्या पाकिटाकडे परत येतो, कारण ते मला फार खटकतं. ही औषधं चिठ्ठीवरच द्यायची. पाकिटावरची उभी लाल रेघ तेच सांगते. चार गोळ्या कापून दिल्या की रेघ, औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहते. सुट्या गोळ्या घ्यायच्या असतील तर दुकानदाराकडून बिल घ्या आणि नाव, बॅच, मुदत त्यावर लिहून घ्या. औषधाने अंगावर पुरळ आलं, लघवी कमी झाली, असं काही घडलं तर डॉक्टरांना तर दाखवायचंच. शिवाय देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. तिथेही औषधाचं नाव लागतंच.