प्रथिनांचे जाळे, जनुकांची अभिव्यक्ती आणि वार्धक्याचे आजार : पुण्याजवळील सहा गावांचा दाखला

प्रस्तावना

मधुमेह, हृदयविकार, स्मृतिभ्रंश आणि बहुतेक कर्करोग यांची गणना आपण उतारवयातील आजारांत करतो. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातील मुले १८ वर्षांची झाली, तेव्हा ३७ टक्के मुलांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले. समूहातील जवळजवळ निम्मे युवक-युवती वजनाने कमी होते. त्यामुळे अतिखाणे आणि लठ्ठपणा हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. उतारवयाचा आजार अठराव्या वर्षी, तोही किरकोळ शरीरयष्टीच्या तरुणात का दिसावा, हा प्रश्न जनुकांची अभिव्यक्ती आणि प्रथिनांचे परस्परसंबंध यांच्या आधारे समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेख जीवशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही वाचता यावा, म्हणून रासायनिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

जनुक आणि त्याची अभिव्यक्ती

मानवी शरीरात प्रथिने घडविणारी सुमारे २० हजार जनुके आहेत. यकृताची पेशी असो वा मेंदूची, जनुकसंच बहुधा तोच असतो. भिन्नता असते ती कोणते जनुक किती प्रमाणात वापरले जाते यात. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत अनेक साचे फळीवर ठेवलेले असतात. कोणता साचा खाली काढायचा आणि त्यातून किती मूर्ती काढायच्या, हे मागणीवरून ठरते. जनुकाचा साचा वापरात येऊन त्यापासून आरएनए आणि पुढे प्रथिन तयार होणे, यालाच अभिव्यक्ती म्हणतात. डीएनएवर मिथाइल गट जोडले जाणे ही या वापरावर नियंत्रण ठेवणारी एक खूण आहे. खूण बदलते, साचा बदलत नाही. या खुणा वयानुसार इतक्या नियमितपणे बदलतात की स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरील ३५३ ठिकाणांच्या मिथाइलीकरणावरून व्यक्तीचे वय अनुमानित करण्याची पद्धती मांडली.

प्रथिनांचे जाळे

तयार झालेले प्रथिन एकटे क्वचितच काम करते. ते दुसऱ्या प्रथिनाला चिकटते, त्याला चालना देते किंवा रोखते. यीस्टच्या पेशीत दोन प्रथिने परस्परांना बिलगतात की नाही, हे तपासण्याची सोपी युक्ती फील्ड्स आणि साँग यांनी १९८९ मध्ये शोधली आणि त्यानंतर अशा संबंधांचे नकाशे तयार होऊ लागले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी नकाशात ८,२७५ प्रथिनांमधील सुमारे ५३ हजार संबंध नोंदविलेले आहेत.

या नकाशांत सर्व प्रथिने सारख्या महत्त्वाची नसतात. बहुसंख्य प्रथिनांचे संबंध मोजकेच असतात. थोड्यांचे मात्र अनेक. जेओंग, बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यीस्टबाबत दाखविले की, पाच किंवा त्याहून कमी संबंध असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच पेशीच्या जगण्यास अपरिहार्य होती; पंधराहून अधिक संबंध असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. पुढील अभ्यासकांनी या निष्कर्षाला मर्यादा घातल्या, आणि त्या योग्यच आहेत. ज्या प्रथिनावर अधिक प्रयोग झाले, त्याचे संबंधही अधिक सापडतात. कर्करोग संशोधनातील पी-५३ हे प्रथिन नकाशात इतके ठळक दिसते, त्यामागे त्याचे खरे महत्त्व आहे तसेच संशोधकांचे लक्षही आहे.

मधुमेह आणि वार्धक्य यांची गाठ या जाळ्याच्या एका भागात पडते. इन्सुलिन पेशीच्या ग्राहकाला चिकटले की संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात एकेटीपर्यंत पोहोचतो, आणि एकेटी हे फॉक्सो या प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवते. फॉक्सो केंद्रकात असेल तर पेशीच्या दुरुस्तीची व ताण सोसण्याची अनेक जनुके कार्यरत होतात. सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीतील या ग्राहकाचे जनुक दुर्बल केले असता कृमींचे आयुष्य दुपटीहून अधिक झाले. मानवात चित्र इतके सरळ नाही. येथे इन्सुलिनचा संदेश मंदावला तर रक्तशर्करा वाढते, स्वादुपिंडावर भार येतो आणि अवयव झिजतात. तथापि अन्नाची उपलब्धता ओळखणारी यंत्रणा आणि वय ठरविणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे, हे मान्य करावे लागते.

गर्भावस्थेतील जुळणी

ही यंत्रणा प्रथम कधी जुळविली जाते? १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जे गर्भावस्थेच्या आरंभी होते, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी निगडित जनुकावर सुमारे सहा दशकांनंतरही मिथाइल खुणा कमी होत्या, असे २००८ मध्ये दिसून आले. पुण्यातील अभ्यास आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण तेथे दुष्काळ नव्हता. नेहमीचेच जेवण होते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. सरासरी वजन येथे २.७ किलो, तेथे ३.५ किलो. मात्र वजनातील ही तूट स्नायू व पोटातील अवयवांत जास्त होती, त्वचेखालील चरबीत कमी. बाळ बारीक, परंतु चरबी राखून असलेले.

मातांच्या रक्ततपासणीत दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. यामागे संभाव्य कारण असे : होमोसिस्टीनपासून मिथिओनीन तयार होताना फोलेट मिथाइल गट आणून देते, पण तो पुढे सोपविण्यास ब-१२ लागते. ते नसेल तर फोलेट अडकून पडते आणि डीएनएवर खुणा करण्यासाठी लागणारा पुरवठा आटतो.

कारण सिद्ध करण्यास केवळ निरीक्षण पुरत नाही. म्हणून २०१२ मध्ये याच मुला-मुलींना, ते पालक होण्यापूर्वी, ब-१२ किंवा ब-१२ सह अन्य सूक्ष्मपोषके देण्याचा नियंत्रित प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्तपेशींचा अभ्यास झाला. पूरक पोषणाच्या गटात पेशीविभाजनाशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती वेगळी आढळली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे घाईने उडी मारू नये. नाळेतील रक्तपेशी म्हणजे स्वादुपिंड नव्हे, आणि या बाळांना मधुमेह होतो की टळतो, हे कळण्यास आणखी दशके लागतील.

पेण-रोह्याचा संदर्भ

पुण्याच्या पठारावरील आकडे आपल्या भागाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते दूध, अंडी, मासळी आणि मांसातून मिळते. भात, पोहे, तांदळाची भाकरी, वालाची उसळ यांत ते नाही; सुकट-बोंबलात आहे. म्हणजे खारेपाटातील मासळी खाणारे कुटुंब, पेण किंवा रोहे शहरातील शाकाहारी कुटुंब आणि डोंगरभागातील ठाकूर-कातकरी वाडी यांची स्थिती वेगवेगळी असणे संभवते. एकाच घरातही मासळीचा वाटा कोणाच्या ताटात किती पडतो, हा प्रश्न गृहविज्ञान आणि समाजशास्त्र या विषयांचा आहे, आणि तो आपल्या विद्यार्थिनींना थेट विचारता येतो.

किशोरवयीन मुलींना शासकीय साप्ताहिक कार्यक्रमातून लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. रक्तक्षय रोखण्यासाठी ती आवश्यक आहे आणि ती बंद करावी असे पुण्याच्या निष्कर्षांतून मुळीच निघत नाही. पण तिच्यात ब-१२ नाही. ज्या मुलीच्या आहारात ते आधीच तुटपुंजे आहे, तिच्या शरीरात नेमके ब-१२ कमी, फोलेट भरपूर असे प्रमाण तयार होऊ शकते. महाविद्यालयातील आरोग्य तपासणी शिबिरांत हिमोग्लोबिन पाहिले जाते. त्याच रक्तनमुन्यावर ब-१२ ची तपासणी आणि सोबत एक पानी आहार-प्रश्नावली जोडली, तर खारेपाट, शहर आणि वाडी यांतील फरक प्रथमच आकड्यांत मांडता येईल.