पन्नाशीच्या आतला इतिहास

ऐतिहासिक घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो. दिंडीदरवाजा, दगडी जोतं आणि भिंतीवर पाटी: इथे अमुक अमुक राहत असत. माणसं केव्हाच गेलेली, घर मागे उरलेलं. मग हे ऐका. २००० साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावातल्या एका घराला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’चा दर्जा दिला. तेव्हा ते घर ज्यांनी बांधून घेतलं ते जे. आयर्विन मिलर आणि त्यांच्या पत्नी झीनिया त्याच घरात राहत होते! भोवतीची बाग आखणारे डॅन काइलीही हयात होते. घराचं वय अवघं ४३. अमेरिकेत असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

म्हणजे इतिहास व्हायला किती वर्षं लागतात? आणि झाला की नाही हे ठरवतं कोण, कसं?

हे समजून घ्यायला कोलंबसइतकी चांगली जागा नाही. गाव बार्थोलोम्यू काउंटीत आहे. काउंटी म्हणजे अमेरिकेतला जिल्हा, पण आकारानं आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, लोकसंख्या जेमतेम ८२ हजार, आजूबाजूला मका आणि सोयाबीनची शेतं. आणि या शेतांमधल्या गावात कोणाच्या इमारती आहेत बघा: एलिएल सारिनेन, त्यांचा मुलगा ईरो सारिनेन, आय. एम. पेई, रॉबर्ट व्हेंचुरी, केविन रोश, हॅरी वीझ. विसाव्या शतकातल्या वास्तुकलेच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच जणू!

एवढी मंडळी इथे आली कशी? याचं उत्तर डिझेल इंजिनात आहे. कोलंबस हे कमिन्स कंपनीचं गाव. हो, तीच कमिन्स, जिनं १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात कोथरूडला इंजिनं बनवायला घेतली. मिलर या कंपनीचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा कमी पडू लागल्या. तेव्हा कमिन्स फाउंडेशननं शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. जाणकारांनी नावाजलेल्या वास्तुविशारदांची यादी करायची, तिच्यातून मंडळानं आपल्याला हवा तो निवडायचा, त्याची फी फाउंडेशन भरणार. फक्त फी. बांधकामाचा खर्च गावाचा, निर्णयही गावाचा. १९५७ मध्ये हॅरी वीझ यांची पहिली शाळा उभी राहिली, आणि मग हा पायंडा अग्निशमन केंद्र, पोस्ट ऑफिस अशा इमारतींपर्यंत पोहोचला. मला या योजनेत सगळ्यात थक्क करते ती ही मर्यादा. देणगीदारानं इमारत दिली नाही, चांगल्या माणसाला बोलवायची मुभा दिली.

आता खरी अडचण. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही आहे. ती १९६६ च्या कायद्यानं सुरू झाली. त्यामागे एक जखम होती: न्यूयॉर्कचं देखणं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं होतं. ते १९१० चं, म्हणजे पाडताना वय फक्त ५३. या नोंदवहीचा सर्वसाधारण नियम असा की इमारत किमान ५० वर्षांची हवी. नियम शहाणपणाचा आहे. कालची फॅशन आणि टिकाऊ मोलाची गोष्ट यांतला फरक कळायला मध्ये थोडा काळ जावा लागतो. पण गंमत बघा: इमारतीला सगळ्यात जास्त धोका असतो तोच मुळी तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान! छप्पर गळायला लागलेलं असतं, वायरिंग जुनं झालेलं असतं, दिसायला ती ‘आउटडेटेड’ वाटते, आणि ‘जुनी’ म्हणून आदर मिळायला अजून अवकाश असतो. म्हणून नियमाला एक दार ठेवलंय. महत्त्व असामान्य आहे हे सिद्ध करा, मग पन्नाशीची अट आडवी येणार नाही.

सिद्ध करा, म्हणजे काय करा? आधी काय काय आहे ते मोजा. आणि इथून सुरू होतं ते काम, ज्याच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही: सर्वेक्षण.

इंडियानात हे काउंटी धरून चालतं. पहिली फेरी गाडीतून होते. रस्त्यामागून रस्ता, संथ वेगानं, बाहेरून दिसेल तेवढंच टिपायचं. मजले किती, छपराचा उतार कसा, भिंती कशाच्या, खिडक्या मूळच्या की बदललेल्या. फोटो इमारतीच्या कोपऱ्याकडून काढायचा, कारण मग एकाच चौकटीत दोन बाजू येतात. शेवटी प्रत्येक इमारतीला एक श्रेणी. सर्वांत वर असामान्य, मग लक्षणीय, आणि त्याखाली एक सुंदर कल्पना: ‘भर घालणारी’. एकटी पाहिली तर साधीच, पण शेजारच्या दहा घरांबरोबर मिळून ती त्या रस्त्याचा काळ जिवंत ठेवते.

ही साधी घरंच सर्वेक्षकाची खरी परीक्षा घेतात. १९४६ ते १९७५ या तीस वर्षांत अमेरिकेत सुमारे ४ कोटी घरं बांधली गेली. त्यातली असंख्य ‘रँच’ पद्धतीची: लांबट बैठं घर, कमी उताराचं छप्पर, पुढे एक मोठी काच, बाजूला गाडीसाठी नुसती शेड. सगळी सारखीच दिसणारी. त्यांच्यावर ना कोनशिला, ना साल. मग एखादं घर १९५१ चं की १९५९ चं, हे ओळखायचं कसं?

एक वाट ग्रंथालयातून जाते. जुन्या काळी गावोगावच्या रहिवाशांच्या डिरेक्टऱ्या छापल्या जात. त्यात रस्त्यांप्रमाणे घरक्रमांक आणि राहणाऱ्याचं नाव असे. समजा १९५५ च्या डिरेक्टरीत त्या रस्त्यावर ३१ नंतर थेट ३५ क्रमांक येतो, आणि १९५६ च्या प्रतीत मध्ये ३३ उगवतो. झालं! घर त्या एका वर्षात लोकांनी भरलं. भिंतीला हात न लावता, दोन पुस्तकं शेजारी ठेवून.

दुसरी वाट आग विमा कंपन्यांच्या नकाशांची. सॅनबॉर्न कंपनी शहराशहरांतली प्रत्येक इमारत रेखून नकाशे विकायची, म्हणजे विमावाल्याला खुर्चीत बसून आगीचा धोका जोखता यावा. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. नवी इमारत झाली की कंपनी अख्खा नकाशा पुन्हा छापत नसे. त्या जागेपुरती कागदाची चिठ्ठी पाठवायची आणि ती जुन्या चित्रावर चिकटवली जायची. त्यामुळे काही पानांवर चिठ्ठीवर चिठ्ठी अशी पुटं बसलीत, आणि बोट फिरवलं तर कागदाची जाडी हाताला लागते. गावाचा बदल बोटाला कळतो!

तिसरी वाट तर आकाशातून येते. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्यानं विमानातून शेतांचे फोटो काढायला सुरुवात केली. उद्देश इतकाच की शेतकऱ्यानं सांगितलंय तेवढ्याच एकरांवर पीक आहे की नाही ते पडताळावं. आज त्याच फोटोंवरून कळतं की अमुक साली इथे मका होता, आणि पुढच्या फोटोत नागमोडी रस्ते आणि घरांच्या रांगा. मका मोजणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना त्यांनी उपनगरांच्या जन्माची नोंद ठेवली.

आणि घरमालकानं आत येऊ दिलं तर? मग जाणकार सर्वेक्षक बाथरूम गाठतो. फ्लशच्या टाकीचं चिनीमातीचं झाकण उचलून उलटं करतो. कित्येक अमेरिकन कारखाने झाकणाच्या आतल्या बाजूला ते बनवल्याची तारीख उमटवत असत. घराच्या बांधणीचं साल सांगणारा पुरावा तिथे, ओलाव्यात, दशकानुदशकं शाबूत!

काही घरं तर नावगाव स्वतःच सांगतात. १९४८ ते १९५० या काळात लस्ट्रॉन नावाच्या कंपनीनं सुमारे अडीच हजार घरं कारखान्यात बनवली. भिंती पोलादी पत्र्याच्या, वर एनॅमलचा चकचकीत मुलामा, छप्परही तसंच. अशा घराचा संशय आला की भिंतीला लोहचुंबक लावून बघायचा. चिकटला? मग आत अनुक्रमांकाची पट्टी शोधायची, कारण प्रत्येक घराला आपला नंबर आहे.

साल सापडलं की पुढचा प्रश्न जास्त अवघड. इमारत अजून ‘तीच’ आहे का? यासाठी सात गोष्टी तपासतात: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, तिथं उभं राहिल्यावर येणारा काळाचा भाव आणि ज्या घटनेशी वा माणसाशी तिचं नातं आहे ते टिकलंय का. मिलर घरात तर झाडंसुद्धा रचनेचा भाग आहेत. काइलींनी हनी लोकस्टच्या झाडांची सरळ दुहेरी ओळ आखली होती. ती झाडं म्हातारी झाल्यावर काढून त्याच जागी त्याच जातीची नवी लावली. साहित्य बदललं, रचना तीच राहिली. अशा वेळी नुसतं फूटपट्टीनं काम भागत नाही, समज लागते.

बार्थोलोम्यू काउंटीत हे सगळं एका दस्तऐवजात आलं. लॉरा थेयर, लुइस जॉयनर आणि माल्कम केर्न्स यांनी काउंटीतल्या १९४२ पासूनच्या आधुनिक वास्तुकलेचा आणि उद्यानरचनेचा सलग वृत्तांत लिहिला. त्याची रीत आपल्या कुलवृत्तांतासारखी आहे: घराण्याची मूळ हकीकत एकदाच सांगायची आणि मग प्रत्येक शाखेची नोंद त्याखाली जोडत जायची. त्याच्या आधारानं २००० आणि २००१ या दोन वर्षांत सहा इमारतींना राष्ट्रीय दर्जा मिळाला.

त्यातली बँक बघा. ईरो सारिनेन यांची, १९५४ ची. तोवर बँक म्हणजे खांब, जाळ्या, पिंजऱ्यातला कॅशियर. सारिनेन यांनी भर गावात एकमजली काचेचा मंडप उभा केला, छपरावर नऊ उथळ घुमट ठेवले, आणि पिंजरे काढून टाकले. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला व्यवहार दिसायचा. आज हे इतकं सर्रास झालंय की त्यात नवल काय, असं वाटेल. म्हणूनच तर नोंद हवी. जी कल्पना जिंकते, ती दिसेनाशी होते.

किंवा त्यांचंच नॉर्थ ख्रिश्चन चर्च. षटकोनी इमारत, छप्पर वर चढत चढत १९२ फुटी सुळक्यात निमुळतं होतं, आणि सुळक्याच्या बुंध्याशी ठेवलेल्या झरोक्यातून उजेड थेट मधोमध उतरतो. सारिनेन १९६१ मध्ये वारले, चर्च १९६४ मध्ये पुरं झालं. राष्ट्रीय दर्जा मिळाला तेव्हा त्याला ३६ वर्षं झाली होती. २०१२ मध्ये ‘द रिपब्लिक’ वृत्तपत्राची १९७१ ची इमारत या मालिकेत सातवी म्हणून आली. रस्त्यावरून काचेतून छपाईयंत्र दिसावं, अशी ती रचली होती.

पण यादीत नाव आलं की इमारत वाचली, असं समजू नका. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलं तरी खासगी मालक स्वतःच्या पैशानं ती पाडू शकतो. सरकारी पैसा किंवा परवाना गुंतला असेल तरच आधी विचार करणं बंधनकारक. कोलंबसमध्येही १९७३ चं, सेझार पेल्ली यांनी रचलेलं ‘कॉमन्स’ बरंचसं पाडून २०११ मध्ये तिथे नवं उभं राहिलं. नॉर्थ ख्रिश्चनची मंडळी घटत गेली आणि २०२२ मध्ये तिथली उपासना थांबली. ती इमारत मात्र आता काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली. एवढ्या तपशिलानं महत्त्व नोंदलेलं होतं म्हणून तिच्यासाठी नवा वापर शोधावासा वाटला, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे काय? पुरातत्त्वाच्या १९५८ च्या कायद्यात राष्ट्रीय स्मारकासाठी अट आहे १०० वर्षांची. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं राज रेवाल यांचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ चं. महेंद्र राज यांच्या अभियांत्रिकीतून काँक्रीटची ती जाळीदार भव्य रचना उभी राहिली होती. वारसा समितीनं ६० वर्षांखालच्या इमारतींचा विचार करायला नकार दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली गेली. वय ४५. मिलर घराला मान मिळाला तेव्हाच्या वयापेक्षा दोन वर्षांनी जास्त.

पुण्या-मुंबईत, नागपुरात, कोल्हापुरात १९५० आणि ६० च्या दशकांतले बंगले आणि सोसायट्या आज एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. त्या सगळ्या वाचणार नाहीत, वाचायला हव्यात असंही नाही. पण तुमची सोसायटी त्यात असेल तर चाव्या बिल्डरच्या हाती देण्याआधी एवढं करा: मंजूर नकाशाची आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत काढून ठेवा, वास्तुविशारदाचं नाव शोधा, पहिल्या सभासदांपैकी कोणी असतील तर त्यांच्याशी बोला. आणि एक फोटो काढा, कोपऱ्याकडून, दोन्ही बाजू येतील असा.