श्वानदंश : उपचार, कायदा आणि भरपाई

कुत्रा हा आपल्या संस्कृतीला परका प्राणी नाही. श्रीदत्ताच्या पायाशी कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या सोबतीला कुत्रे असते आणि युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारापर्यंत ज्याची साथ सोडली नाही तोही कुत्राच. या जुन्या सलगीमुळेच की काय, कुत्रा चावला तर आपण तो नशिबाचा भाग मानून गप्प बसतो. कायदा मात्र तसे मानीत नाही. पुष्कळदा चाव्यामागे कोणाची तरी हयगय असते, आणि हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. मी कला शाखेचा विद्यार्थी, वकील नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या कागदपत्रांसाठी मला बरीच धावपळ करावी लागली. त्या निमित्ताने जे समजले ते सहाध्यायांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम उपचार, मग न्याय. हा क्रम चुकला तर न्याय मागायला माणूसच उरत नाही, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चावा लागताच जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट असले काहीही तीत भरू नये. त्यानंतर थेट सरकारी दवाखाना गाठावा. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून घरोघर आहे, पण ती जुनी लस आता इतिहासजमा झाली आहे. हल्ली लस दंडात देतात. कातडीत द्यायची असल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असल्यास त्यात १४ व्या दिवसाची भर पडते. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागते. ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. कुत्र्याला मारू नये, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. मात्र त्यासाठी लस थांबवू नये.

खटल्याचा पाया याच दवाखान्यात घातला जातो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. केसपेपरवर ‘कुत्रा चावल्याने जखम’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. तारीख, वेळ, जखमेची जागा व आकार यांची नोंद पाहावी. जखमेचे छायाचित्र काढावे. औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, बुडालेल्या मजुरीचे दिवस, सारे एका वहीत टिपून ठेवावे. दोन शेजाऱ्यांची नावे साक्षीदार म्हणून लिहून ठेवावीत. कोर्टात बोलतो तो कागद. तिथे आपल्या रडण्यापेक्षा केसपेपरला अधिक किंमत असते.

कुत्रा पाळलेला असेल तर वाट त्यातल्या त्यात सोपी. जनावराबाबत हयगय करून माणसाला धोका निर्माण करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २८९ व्या कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २९१ व्या कलमाप्रमाणे या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून फिर्याद नोंदवून तिची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु दंड सरकारजमा होतो. न्यायालयाने त्यातून काही रक्कम जखमी माणसाला देवविली तर गोष्ट वेगळी. खरी भरपाई मिळवायची तर मालकाला नोटीस देऊन दिवाणी दावा लावावा लागतो. त्यात मालकाची हयगय तरी दाखवावी लागते, किंवा हा कुत्रा चावरा आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होते हे तरी सिद्ध करावे लागते. कुत्रा पूर्वी कोणाला चावला होता का, याची चौकशी म्हणूनच महत्त्वाची. फौजदारी खटल्याला वेळ किती लागतो, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. २०१० साली एका पाळीव रॉटवायलरने एकाला चावे घेतले आणि मालकाला शिक्षा झाली २०२३ साली.

आता मावशींविषयी. एका बंगल्याच्या उघड्या फाटकातून कुत्रा धावून आला आणि त्यांच्या पोटरीचा लचका तोडला. अठरा दिवस हातगाडी बंद राहिली. मालकाने पाचशे रुपये पुढे केले आणि सोबत एक लिहिलेला कागद दिला. ‘‘एवढा अंगठा उमटव बाई, म्हणजे मिटलं,’’ असे तो म्हणाला. मावशींनी तो कागद मला वाचायला दिला. ‘माझी काहीही तक्रार नाही व यापुढे काही मागणार नाही’ असा मजकूर त्यात होता. मी तो त्यांना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, ‘‘तक्रार कशी नाही बाबा? पाय तर माझाच आहे.’’ अंगठा उमटला नाही.

आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा असते. तालुक्याला समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मावशींना वकील मिळाले, नोटीस गेली आणि प्रकरण लोकअदालतीपुढे तडजोडीने मिटले. अठरा दिवसांची कमाई, येण्याजाण्याचा खर्च आणि वेदनेबद्दल काही रक्कम त्यांना मिळाली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून रक्कम पुरेशी वाटल्याशिवाय सही करू नये.

कुत्रा मोकाट असेल तर मालक कोण? तेथे स्थानिक संस्थेकडे पाहावे लागते. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तत्पूर्वी २००१ चे नियम होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळसाठी न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमून भरपाईचे अर्ज तपासण्याचे काम तिच्याकडे सोपविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर दरच ठरविला. दाताच्या प्रत्येक खुणेस किमान दहा हजार रुपये आणि लचका तुटला असेल तर दर ०.२ सेंटिमीटर जखमेस किमान वीस हजार. हा निर्णय त्या प्रदेशापुरता असला तरी आपल्याकडील अर्जात त्याचा आधार घेता येतो. आपल्या राज्यात बिबट्याने माणूस मारला तर वन विभागाकडून कुटुंबास ठरलेली रक्कम मिळते. २०२३ साली ती २५ लाख रुपये करण्यात आली. जंगलातल्या जनावराचा हिशेब सरकारने असा मांडला, मग रस्त्यावरच्या जनावराचा का मांडू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

येथे मुदतीचे भान मात्र फार ठेवावे लागते. महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याच्या ४८७ व्या कलमाप्रमाणे दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. नगरपालिकांच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. म्हणून जखम भरत असतानाच विधी सेवा समितीकडे जावे. जखमी मूल अज्ञान असेल तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ही म्हण सोयीची ठरते ती फाटक उघडे टाकणाऱ्याला. ज्याची हातगाडी बंद पडली त्याला ती परवडत नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री हलवून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे हा विषय आता महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात गावातल्या माणसांना केसपेपर, फिर्याद आणि नोटीस या तीन कागदांची ओळख करून दिली, तर कोणी न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवणार नाही. लिहिता-वाचता येणाऱ्याने एवढे तरी करावे.